महागाई आपला प्रश्न नाही, असे कोण म्हणते? चळवळीच्या एका विसरलेल्या मागणीचा इतिहास

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात बैठक होती. विषय नेहमीचेच. जयंतीची वर्गणी, अभ्यासिकेचे भाडे, एका अत्याचाराच्या प्रकरणात पोलीस ठाण्यावर द्यायचे निवेदन. यंदा वर्गणी घरटी दोनशेची पाचशे करायची असे ठरत होते. तेव्हा मागे बसलेल्या एक ताई उठल्या आणि म्हणाल्या, "पाचशे देऊ, बाबासाहेबांसाठी नाही कोण म्हणतंय. पण तेल, डाळ, गॅस एवढा झालाय की महिन्याच्या वीस तारखेला डबे खाली होतात. त्याच्यावर एकदा बैठक घ्या की." पोरे हसली. आमच्यातलाच एक शिकलेला कार्यकर्ता म्हणाला, "ताई, महागाई सगळ्यांनाच आहे. तो काही आपला खास प्रश्न नाही. आपण आपले विषय घेऊ."

ताई खाली बसल्या. मीही त्या वेळी गप्प बसले, याची मला लाज वाटते. हा लेख म्हणजे त्या दिवशी न दिलेले उत्तर आहे. त्या कार्यकर्त्याचे वाक्य मी अनेक ठिकाणी ऐकले आहे. महागाई म्हणजे डाव्यांचा, समाजवाद्यांचा, फार तर विरोधी पक्षाचा विषय, आणि आपला विषय म्हणजे अत्याचार, आरक्षण, प्रतिनिधित्व. ही विभागणी बाबासाहेबांनी केलेली नाही, दादासाहेब गायकवाडांनीही केलेली नाही. ती अलीकडची आहे आणि ती चुकीची आहे. कशी, ते इतिहासातूनच पाहू.

भाकर सोडली, तेव्हा बाजार आला

आपल्या पणजोबांच्या घरात महागाई हा शब्द फारसा नसावा. त्यांना मजुरी रोख मिळत नव्हती. गावकीची कामे करायची, सुगीला खळ्यावर जाऊन बलुते मागायचे, आणि रोज येसकराच्या पाळीने घरोघर फिरून भाकर गोळा करायची. ज्वारी बाजारात रुपयाला किती पायली आहे याने त्या भाकरीत फरक पडत नसे. फरक पडत असे तो पाटलाच्या मर्जीने. दुष्काळ पडला की बलुते आधी आटत असे, पण तो बाजारभाव नव्हता, ती गुलामी होती.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळे तुकडे मागणे सोडा, असे सांगितले. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकी वतने गेली. हा आपल्या स्वाभिमानाचा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण त्याची दुसरी बाजू आपण क्वचित बोलतो. गावोगावच्या हजारो कुटुंबांनी एका निर्णयाने आपल्या खाण्याचा एक भाग सोडून दिला. तो भाग आता विकत घ्यायचा होता. त्यासाठी रोख पैसा हवा होता, आणि तो मिळवायला मजुरी, गिरणी, रेल्वे, गोदी, शहर.

म्हणजे ज्या दिवशी आपण मागून आणलेली भाकर नाकारली, त्याच दिवशी बाजारभाव आपल्या घरात आला. स्वाभिमानाने जगायचे तर विकत घेऊन खायचे, आणि विकत घेऊन खायचे तर भाव परवडला पाहिजे. महागाईने घर मोडले की माणूस परत कोणाच्या तरी दारात उभा राहतो. पूर्वी पाटलाचे दार होते, आज सावकाराचे, उधारीच्या दुकानदाराचे किंवा आठवड्याला हप्ता वसूल करणाऱ्या कर्जवाल्याचे आहे. आपल्यासाठी महागाई हा स्वाभिमानाचा प्रश्न आहे तो या अर्थाने.

तुरुंगातल्या कैद्यापेक्षा कमी

गाव सोडून आपली माणसे मुंबईला गेली तेव्हा काय झाले? पहिल्या महायुद्धात धान्य, कापड, रॉकेल सगळ्यांचे भाव भडकले. गिरणीमालकांचे नफे वाढले, मजुरी मागे राहिली. १९१९ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांनी मोठा संप केला. त्याच्या मुळाशी हीच महागाई होती. अशा संपांनंतर सरकारला कामगार काय खातो, किती खर्च करतो हे मोजण्याची गरज वाटली. १९२१ मध्ये मुंबईत लेबर ऑफिस सुरू झाले आणि त्याने कामगार कुटुंबांच्या घरखर्चाची पाहणी करून १९२३ मध्ये अहवाल छापला.

या अहवालातला आकडा लक्षात ठेवा. कामगाराच्या कुटुंबाच्या खर्चातला सुमारे ५७ टक्के भाग फक्त खाण्यावर जात होता. सरपण आणि दिवाबत्ती, कपडालत्ता, खोलीचे भाडे हे सगळे उरलेल्यात. त्याच अहवालाने आणखी एक तुलना केली. गिरणी कामगाराच्या वाट्याला येणारे धान्य दुष्काळी संहितेने ठरवलेल्या कमाल प्रमाणाइतके होते, पण मुंबई इलाख्याच्या तुरुंगातल्या कैद्याला नियमाने जेवढे अन्न मिळे त्यापेक्षा कमी होते. म्हणजे दिवसभर यंत्रावर राबणाऱ्या माणसापेक्षा कैदी जास्त खात होता, आणि हे सरकारी अहवाल सांगत होता.

आता यात जात कुठे आली? गिरणीतच आली. अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि तो धोटा अस्पृश्याच्या तोंडाला लागला तर सवर्ण कामगारांना चालत नसे. विणकाम खात्यात पगार चांगला. आपली माणसे कमी पगाराच्या सूतकताईच्या खात्यात अडकवली गेली. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला तो याचसाठी. दुकानात ज्वारीचा भाव सगळ्यांना एकच होता, पण तो भाव देणारा खिसा जातीने ठरवलेला होता. "महागाई सगळ्यांनाच आहे" या वाक्याला शंभर वर्षांपूर्वीच्या गिरणीतच उत्तर मिळते.

बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न

याच महागाईच्या काळात, १९१८ ते १९२० मध्ये, बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. राहायला परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत. लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायचा म्हणून पगारातून पैसे बाजूला टाकत होते आणि रमाई तुटपुंज्या पैशात घर चालवत होत्या. चाळीतल्या त्या घरातून गेलेल्या माणसाने लंडनमध्ये प्रबंध लिहिला तो रुपयावर. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मुंबईचा घरखर्चाचा अहवालही आला होता.

आपण या ग्रंथाचे नाव भाषणात घेतो, रिझर्व्ह बँकेशी त्याचा संबंध सांगतो आणि पुढे जातो. त्यातला आपल्या स्वयंपाकघराशी जोडलेला मुद्दा मात्र राहून जातो. त्या काळी वाद होता रुपयाचा विनिमय दर काय असावा याचा. निर्यात करणारे आणि गिरणीमालक यांना रुपया स्वस्त हवा होता. ते म्हणत, यात देशाचा फायदा आहे. बाबासाहेबांनी उलट विचारले की हा फायदा येतो कुठून? त्यांचे म्हणणे असे की हा नफा परदेशातून देशात आलेला नसतो. रुपयाची किंमत पडली की देशात भाव चढतात, मजुरी मात्र त्या वेगाने चढत नाही. म्हणून व्यापाऱ्याचा नफा हा मजुराच्या खिशातून निघालेला असतो. देशातल्या एका वर्गाचे नुकसान म्हणजे दुसऱ्या वर्गाचा फायदा. म्हणूनच चलन असे हवे की ज्याने भाव स्थिर राहतील, हा त्यांचा आग्रह होता.

मित्रांनो, हे नीट समजून घ्या. भाव वाढले म्हणजे आभाळातून काही पडले असे बाबासाहेब मानत नाहीत. ते विचारतात की कोणाचे गेले आणि कोणाकडे गेले? आजच्या बातम्यांत टोमॅटो महागला की पावसाला दोष दिला जातो. पाऊस खरा असतो. पण शेतकऱ्याला मिळालेला भाव आणि तुमच्या गल्लीतल्या गाडीवरचा भाव यांत जे अंतर असते, ते पावसाने पडलेले नसते.

मोजणाऱ्याने कोणाला मोजले?

दुसऱ्या महायुद्धात परत तेच झाले. १९४२ च्या जुलैपासून बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला, लाखो माणसे मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की धान्याच्या तुटवड्यापेक्षाही मोठे कारण होते ते तांदळाच्या भावापुढे मजुरी कोसळल्याचे. मेले ते शेतमजूर, कोळी, छोटे कारागीर. कलकत्त्याच्या कारखान्यांतल्या संघटित कामगारांना मालक आणि सरकारने स्वस्त धान्य पुरवले, ते बरेचसे वाचले. मुंबईत त्याच वर्षी रेशनिंग सुरू झाले.

या काळात मजूर खात्याने देशभरातल्या औद्योगिक शहरांत कामगारांच्या घरखर्चाच्या पाहण्या केल्या, म्हणजे महागाई भत्ता अंदाजाने न देता मोजून देता यावा. कामगारांच्या स्थितीचा तपास करणारी रेगे समिती १९४४ मध्ये नेमली गेली. किमान वेतनाचे विधेयक १९४६ मध्ये मांडले गेले, त्याचा कायदा १९४८ मध्ये झाला. आज सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा निर्देशांकाप्रमाणे ठरतो, त्याच्या मुळाशी हाच काळ आहे. आपल्यातल्या ज्या घरात सरकारी नोकरी आली, त्या घराला हे कवच मिळाले.

आणि ज्यांच्या घरात ती आली नाही त्यांचे काय? २०११ च्या जनगणनेत सर्व कामकऱ्यांपैकी ३० टक्के शेतमजूर होते, अनुसूचित जातींच्या कामकऱ्यांत हेच प्रमाण सुमारे ४६ टक्के होते. दुसऱ्याच्या शेतात खुरपणाऱ्या बाईला, नाक्यावरच्या मजुराला, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशीला महागाई भत्ता कोण देतो? महाराष्ट्रात किमान वेतनावर दर सहा महिन्यांनी विशेष भत्ता जाहीर होतो. तो कागद त्या मावशीने कधी पाहिला आहे का? चळवळीने तिला तो दाखवला आहे का?

१९६४ : तीन लाख माणसे तुरुंगात गेली

आता त्या शिकलेल्या कार्यकर्त्याला मी जे सांगायला हवे होते, ते सांगते. महागाई हा आपल्या चळवळीचा अधिकृत, लेखी विषय होता.

१९६४ हे धान्यटंचाईचे वर्ष होते. भाव चढत होते, शहरांत धान्याच्या रांगा लागत होत्या. या टंचाईतूनच सरकारने १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापले. रिपब्लिकन पक्षाने ऑक्टोबर १९६४ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद दिली. कसेल त्याची जमीन, पडीक जमीन भूमिहीनांना, बौद्धांना सवलती, किमान वेतन कायद्याची पूर्ण अंमलबजावणी, झोपडपट्टीवासीयांची स्थिती सुधारणे, संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र, आणि याच यादीत आणखी एक मागणी होती : धान्याचे पुरेसे वाटप करा आणि वाढत्या भावांवर नियंत्रण आणा.

सरकार हलले नाही. ६ डिसेंबर १९६४ ला, महापरिनिर्वाण दिनी, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर सत्याग्रह सुरू झाला. तीन लाखांहून अधिक माणसांनी अटक करून घेतली. त्यात बाया होत्या, काखेला लेकरे घेऊन गेलेल्या बाया होत्या. भूमिहीनांचा सत्याग्रह म्हणून आपण तो साजरा करतो, आणि ते बरोबरच आहे. पण सनद पूर्ण वाचा. जमीन, मजुरी, घर आणि धान्याचा भाव या मागण्या एकाच कागदावर आहेत, कारण त्या एकाच घराच्या मागण्या आहेत. ज्याच्याकडे जमीन नाही तो धान्य विकत घेतो, आणि विकत घेणाऱ्याला मजुरी आणि भाव या दोन्ही दोऱ्या धरून ठेवाव्या लागतात. दादासाहेबांना हे कळत होते.

त्या सनदेतले काय काय आपल्या आठवणीत राहिले? संसदेच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा १९६७ मध्ये उभा राहिला, त्याचा आपल्याला अभिमान आहे. जमिनीची मागणी भाषणांत जिवंत आहे. भावाची मागणी मात्र हळूच गळून पडली. कोणी ठराव करून ती काढली नाही. ती मागे राहिली आणि आपण पुढे गेलो.

१९७२ : दोन रस्ते

ती कधी गळाली याचा मी विचार करते तेव्हा मला १९७२ आठवते, म्हणजे माझ्या आजीने सांगितलेले १९७२. बीड जिल्ह्यात ती दुष्काळी कामावर खडी फोडत होती. दोन लेकरे बांधाच्या सावलीला, सावली असेल तर. खायला मिलोची तांबडी भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी. "मिलो गळ्याखाली उतरत नव्हती, पण पोटात दुसरं होतं काय?" असे ती म्हणायची. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. त्या अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा आला.

त्याच वर्षी मुंबईत दोन गोष्टी घडल्या. एकीकडे महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांच्यासारख्या समाजवादी आणि कम्युनिस्ट नेत्यांनी हजारो बायकांना लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर आणले. दुसरीकडे दलित पँथर जन्माला आली. ब्राह्मणगावात आपल्या बायांची विटंबना झाली होती, बावड्यात बहिष्कार पडला होता. पँथरने त्या प्रश्नांवर जे रान पेटवले, ते त्या वेळी कोणीच पेटवत नव्हते. पँथरने लाटणे मोर्चात का जायला हवे होते, असे विचारण्याचा करंटेपणा मी करणार नाही.

पण एवढे नक्की म्हणेन. त्या वर्षापासून आपल्या मनात एक वाटणी पक्की झाली. लाटणे त्यांचे, अत्याचार आपला. खरे तर बावड्याचा बहिष्कारच नीट पाहा. बहिष्कारात गावचा दुकानदार माल देत नाही आणि शेतमालक काम देत नाही. म्हणजे आधी मजुरी शून्य करायची आणि मग मीठमिरचीसुद्धा मिळू द्यायची नाही. जातीने आपल्याला मारले तेव्हा स्वयंपाकघरातूनच मारले. मग स्वयंपाकघराचा खर्च हा जातीबाहेरचा विषय कसा?

आजच्या घरातला हिशेब

आता आपल्या काळात येऊ. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने (मार्क्सचा मित्र तो एंगेल्स, हा वेगळा) १८५७ मध्ये एक नियम मांडला. घर जितके गरीब, तितका त्याच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा. हा नियम आजही टिकून आहे. २०२२-२३ च्या सरकारी घरखर्च पाहणीत ग्रामीण भारतात सरासरी खर्चाच्या ४६ टक्के आणि शहरात ३९ टक्के खर्च अन्नावर होता. ही झाली सरासरी. त्याच पाहणीत शहरी अनुसूचित जातीच्या माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ५,३०७ रुपये, तर आरक्षणाबाहेरच्या, 'इतर' गटाचा ७,३३३ रुपये होता. ग्रामीण भागात ३,४७४ आणि ४,३९२. खर्च कमी म्हणजे त्यात अन्नाचा वाटा जास्त, आणि अन्न महागले की मार जास्त.

साधे गणित करू. समजा एका घराची कमाई १२,००० रुपये आहे आणि त्यातले ६,५०० अन्नावर जातात. दुसऱ्या घराची कमाई ६०,००० आणि अन्नावर १५,०००. अन्न दहा टक्क्यांनी महागले. पहिल्या घराला ६५० रुपये जादा लागतील, म्हणजे कमाईचे जवळपास साडेपाच टक्के. दुसऱ्याला १,५०० लागतील, म्हणजे अडीच टक्के. दुसरे घर ते पैसे बचतीतून किंवा हॉटेलच्या जेवणातून काढेल. पहिल्या घराने कुठून काढायचे? जुलै २०२३ मध्ये अन्नाच्या भाववाढीचा सरकारी दर साडेअकरा टक्के होता, ऑक्टोबर २०२४ मध्ये पावणेअकराच्या आसपास. २०२५ मध्ये तो दर खाली आला, पण दर खाली आला म्हणून झालेले कर्ज फिटत नाही आणि शाळेतून काढलेली मुलगी परत जात नाही.

कुठून काढतात ते मी गेली काही वर्षे वस्तीत बघते आहे. आधी फळ आणि दूध जाते. चहा कोरा होतो. मग डाळीत पाणी वाढते, कालवण पातळ होत जाते. मटण आधीच सणापुरते असते, मग सुकट-बोंबीलही कमी होतात. महाराष्ट्रात २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला, तेव्हा आपल्या आणि मुस्लिमांच्या अनेक घरांतले सर्वांत स्वस्त मांस एका सहीने गेले. त्याच वर्षी तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेली. स्वस्त मांस कायद्याने गेले आणि डाळ बाजाराने, मग ताटात राहिले काय?

यानंतर मुलांची शिकवणी बंद होते. मग मुलीचा बसचा पास. मग दुकानदाराच्या वहीत उधारी, आणि ती फेडायला गटाचे कर्ज. हे सगळे होत असताना घरातली बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते आणि पातेल्यात उरेल ते खाते. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. घराचे अंदाजपत्रक जुळवायचे म्हणून ती स्वतःचे जेवण कापते, आणि आपण त्याला आईचा त्याग म्हणून टाळ्या वाजवतो.

"पण रेशन फुकट आहे ना?" असे कोणी म्हणेल. आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य मिळते, २०२३ पासून ते मोफत आहे, आणि त्याने अनेक घरे तगली हे मान्य करायलाच हवे. पण माणूस नुसता गहू-तांदूळ खात नाही. भाव चढतात ते डाळ, तेल, भाजी, दुधाचे. तामिळनाडूत रेशनवर तूरडाळ आणि पामतेल सवलतीत मिळते. आपल्याकडे 'आनंदाचा शिधा' आला, चार जिन्नस शंभर रुपयांत, सणासुदीला. २०२३ मध्ये तो बाबासाहेबांच्या जयंतीलाही वाटला. ज्याने हक्काची भाषा शिकवली, त्याच्या जयंतीला पिशवी! गरजू घराने ती घेतली त्यात काही चूक नाही. पण चळवळीने विचारायला हवे होते की जयंतीला मिळते ते दर महिन्याला, कायद्याने का नाही?

शिकणाऱ्या पोरांसाठी

तरुण मित्रांनो, हा प्रश्न फक्त आईच्या डब्यांचा नाही, तुमच्या फॉर्मचाही आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. २०२१ च्या सुधारित नियमांतही ती अडीच लाखच राहिली. भाव वाढले म्हणून तुमच्या वडिलांची मजुरी थोडी वाढली, पोटात मात्र तेवढेच अन्न गेले. कागदावर ते 'श्रीमंत' झाले आणि तुमची शिष्यवृत्ती गेली. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ मध्ये स्वाधार योजना आली, तेव्हा मोठ्या शहरांत जेवणाचा भत्ता वर्षाला ३२,००० रुपये ठरला. दिवसाला ८८ रुपये. पुण्यात राहून दोन वेळचे जेवण, नाश्ता आणि चहा यांत बसवून दाखवा. साहेबांच्या पगाराला महागाई भत्ता आहे, आमदार-खासदारांचे पगार वाढतात, आणि शिकणाऱ्या पोराच्या जेवणाचा आकडा वर्षानुवर्षे गोठलेला. हा सामाजिक न्यायाचा प्रश्न नसेल तर कशाला म्हणायचे?

मग काय करायचे?

पहिले, मोजायला शिकू. १९२३ चा अहवाल सरकारने केला, युद्धकाळातल्या पाहण्या सरकारने केल्या. आज आपल्यातच समाजशास्त्र, अर्थशास्त्र शिकलेली शेकडो पोरे आहेत. प्रत्येक शाखेने वस्तीतली वीस घरे घ्यावीत आणि तीन महिने खर्चाची वही ठेवावी. काय घेतले, काय सोडले, उधारी किती. ती वही घेऊन तहसीलदारासमोर बसलो तर आपल्याला कोणी हसणार नाही.

दुसरे, १९६४ च्या सनदेतली ती मागणी परत वर काढू. रेशनवर डाळ आणि तेल हक्काने, किमान वेतन विशेष भत्त्यासह प्रत्यक्ष हातात, आणि शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा व विद्यार्थ्यांचे भत्ते महागाई निर्देशांकाशी जोडलेले. शेतकऱ्याला भाव मिळू नये असे आपण म्हणत नाही. त्याला भाव मिळावा आणि आपल्या मजुराला तो भाव देता येईल एवढी मजुरी मिळावी, असे म्हणतो.

तिसरे, बैठकीत ताई बोलायला उठल्या की हसायचे नाही. बाबासाहेबांना अर्थशास्त्रात जो प्रश्न पडला होता, तोच त्या वीस तारखेच्या रिकाम्या डब्यासमोर उभ्या राहून विचारत असतात. माझे पैसे गेले कोणाकडे?

पुढच्या बैठकीचा पहिला विषय मी लिहून दिला आहे : घरखर्चाची वही. वर्गणीचे त्यानंतर बघू.

जय भीम!